तेलानं मेलेली धामण

आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांची डोकी आक्काच्या तळहातावर गोल झाली आहेत. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला मुरगूडला दिली होती. लग्नाच्या सहाव्या वर्षी नवरा गेला, पोटी काही नव्हतं, आणि सासरच्यांनी तिला एका ट्रंकेसकट सर्व्हिस मोटारीत बसवून कोल्हापूरला धाडून दिलं. तेव्हापासून ती आमच्याकडे. गल्लीत कुणी बाळंत झालं की पहिलं बोलावणं आक्काला यायचं. बाळाला तेल लावायचं, पायांवर आडवं घेऊन कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, टाळू भरायची, धुरी द्यायची, मग बाळंतिणीचं अंग चोळायचं. विधवा म्हणून तिला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे, पण बाळंतिणीच्या खोलीत तिच्यावाचून पान हलत नसे. तिथं ती मोठ्यानं बोलायची, हसायची, भल्याभल्या सासवांना दटावायची. आमच्या घरात ती कधी एवढी बोलली नाही.

तिचा तो मान मी घालवला. चोरून नेला म्हटलं तरी चालेल. नऊ वर्षं मी गप्प होतो, आणि गप्प राहणं हा माझा स्वभाव आहे असं लोक म्हणायचे. स्वभाव कसला? तोंड उघडायची भीती होती.

संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच्या पुढच्या साली ती धामण आमच्या घरात आली. आक्का तेव्हा रोज सकाळी कसबा बावड्याला चालत जायची. नात्यातल्या एका सुनेचं पहिलं बाळंतपण होतं. एके दिवशी परत येताना रस्त्याकडेच्या उसात तोड चालली होती, आणि एका तोडकऱ्याच्या कोयत्याखाली धामण आली. पाठीवर, शेपटीच्या बाजूला, बोटभर लांब चीर. बाकीचे काठ्या घेऊन धावले. आक्का मधे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्याकडून एक रिकामं पोतं मागून घेतलं. एवढंच तिनं आम्हाला सांगितलं. पोतं डोक्यावर घेऊन ती बावड्यापासून घरापर्यंत चालत आली.

"काय आणलंस?" आईनं विचारलं.

"धामण हाय. बिनइषारी असती."

"मला शिकवू नगंस. शेजारी चार म्हशी हायत्या. म्हशीच्या पायाला येटा घालून दूध पिती ती. उद्या मामाची म्हस आटली, तर त्यो आमच्या नावानं शिमगा करंल."

मामा म्हणजे शेजारचा म्हशीवाला. आमचा कुणी नव्हे, पण सगळी गल्ली त्याला मामा म्हणायची. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याच्या कट्ट्यावर माणसं धारोष्ण दूध प्यायला जमायची, आणि गल्लीतली प्रत्येक गोष्ट आधी तिथं चघळली जायची.

आक्का पोतं घेऊन मागं गेली. परड्यातल्या पडवीत चहाचं एक रिकामं खोकं होतं, त्याला तिनं वरून जाळी ठोकली. चिरेवर हळद आणि तेल, रोज. एका हातानं मान धरायची आणि दुसऱ्यानं लावायची. बाळाला धरायची तसंच, हनुवटीखाली दोन बोटं. पहिल्या आठवड्यात धामण तिला दोनदा डसली. आक्का म्हणाली, "पहिलटकरणीबी असंच करत्यात."

जखम भरली, पण मणका वाकडा जुळला. रानात सोडायला नेली, तर धामण हातभर सरपटायची आणि शेपूट ओढत थांबायची. वर घारी फिरत होत्या. आक्का तिला परत घेऊन आली, आणि मग ती राहिलीच. पिंजऱ्यात सापडलेले उंदीर आक्का तिला घालायची. गल्लीतल्या बायका आपापल्या घरचे उंदीर आणून द्यायच्या. मामाच्या म्हशी काही आटल्या नाहीत. उलट त्याच्या पेंडीच्या कोठीतले उंदीर कमी झाले, तरी कट्ट्यावर तो धामणीला "आक्काचं लेकरू" म्हणायचा आणि माणसं हसायची. मीही हसायचो. त्याच माणसांत दूध प्यायचो ना.

मी तेव्हा हिवतापाच्या खात्यात नवा लागलो होतो. पाठीवर पंप घेतलेली चार माणसं आणि त्यांच्यावर मी. गावोगाव जायचं, डीडीटीची पावडर बादलीत कालवायची, भिंतींवर, आढ्यावर, गोठ्यात मारायची, आणि दारावर गेरूनं तारीख लिहायची. अजून कायम झालो नव्हतो. साहेबांनी आम्हाला एक वाक्य पाठ करायला लावलं होतं, ते मी दारोदार म्हणायचो: माणसाला, जनावराला काही होत नाही, फक्त डास मरतात. म्हाताऱ्या बायका दार अडवायच्या. देवघरात मारू देणार नाही, चुलीवर मारू देणार नाही. मी तेच वाक्य म्हणत आत घुसायचो. संस्थानात ज्यांच्यापुढे आम्ही मान वर करत नव्हतो, त्यांच्या माजघरात मी बूट घालून उभा राहू शकत होतो. ते मला आवडायचं. आज लिहिताना लाज वाटते, पण आवडायचं.

नेसरीकडच्या एका वाडीत, फवारा मारून आठ दिवस झाल्यावर, एक म्हातारी मेलेलं मांजर शेपटीला धरून घेऊन आली. माझ्या पायाशी टाकलं.

"ह्ये बघा पावणं. जनावराला काय व्हत न्हाय म्हणाला हुतासा न्हवं?"

"म्हातारे, मेलेला उंदीर खाल्ला आसंल त्यानं."

"उंदीर तर मांजरं आजा-पणजापास्नं खात आल्यात. मांजरं अशी थरथरून मरत न्हाईत."

पंपवाली माणसं हसली, मीही हसलो आणि पुढच्या दाराला गेलो. थरथरून, हा शब्द तिनं वापरला होता. तो मी ऐकला होता. म्हणून "मला माहीत नव्हतं" ही पळवाट मला नाही. कुणी मला ती देऊ केली तर मला त्याचाही राग येतो.

आता सापाच्या आजाराचं सांगतो. त्याचं मूळही माझ्याकडेच येतं.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेत एका गारुड्याकडे मला वेताची जुनी पेटारी दिसली. गोल, झाकणाची, छान विणलेली. आई त्या चहाच्या खोक्यावरून रोज कटकट करायची, म्हणून मी ती आक्कासाठी विकत आणली. मी बहिणीसाठी आणलेली ती बहुधा एकुलती एक वस्तू. आक्काचं तोंड उजळलं. तिनं पेटारी पुसली, आत मऊ पोतं घातलं आणि धामणीला त्यात ठेवलं. त्या विणीच्या फटींत काय दडलं होतं ते तिला दिसलं नाही. मला तर पाहायचंच सुचलं नाही.

महिन्याभरात धामण दिवसदिवस पाण्याच्या परातीत पडून राहायला लागली. फक्त नाकपुड्या वर. उंदीर समोर सोडला तरी बघायची नाही. कात टाकायची वेळ आली तर कात अखंड निघेना, तुकडे अंगाला चिकटून राहिले, एका डोळ्यावर जुन्या कातीची टोपी तशीच. मग एका सकाळी आक्कानं परातीतलं पाणी उजेडात धरलं. तळाशी काळी खसखस सांडावी तसे ठिपके होते, आणि ते चालत होते. धामणीच्या डोळ्यांच्या कडेला, हनुवटीच्या खाचेत, खवल्यांच्या खाली, सगळीकडे तेच. रक्त पिऊन फुगलेले किडे. खवल्यांवर पांढरी भुकटी धरलेली.

कट्ट्यावर ही बातमी पोचायला वेळ लागला नाही.

"आक्का, सापाला उवा झाल्या म्हणं?" मामा परड्याच्या कुडावरून ओरडला. "मग फणी आणा की बारक्या दाताची. चांगली येणी घाला."

"तुझ्या म्हशीला गोचीड झाली तवा मी फणी आणाय सांगितली हुती का?"

"म्हशीला तंबाखूचं पाणी लावतोय की आम्ही. लावा, एका दिसात साफ."

"तंबाखू नगं. म्हशीचं कातडं येगळं, हिचं येगळं."

तिनं आपली रीत लावली. पेटारी उकळत्या पाण्यानं धुतली आणि उन्हात टाकली. पुन्हा ते चहाचं खोकं काढलं, त्याला आतून करंजाचं तेल चोळलं. पोतं दर तिसऱ्या दिवशी जाळायचं आणि नवं घालायचं. सकाळी कोमट पाण्यात धामणीला मानेपर्यंत अर्धा तास धरून बसायचं. मग कापसाच्या बोळ्यानं गोडं तेल, थोडं थोडं, डोळ्यांभोवती, हनुवटीखाली, खवल्यांच्या ओळींवरून शेपटीपर्यंत. टाळूवरची खपली काढतात तशी तिनं ती अडकलेली कात भिजवून भिजवून काढली. डोळ्यावरची टोपी निघायला पाच दिवस लागले. धामणीला सर्दीही झाली होती, तोंड उघडून श्वास घ्यायची, ओठांच्या कडेला बुडबुडे यायचे. आक्का दुपारभर तिला चुलीच्या उबेला घेऊन बसायची, डोकं उंच धरून. आई तिकडे पाठ करून भाकऱ्या थापायची.

आणि किडे कमी होत होते. हे मला लिहूनच ठेवायचं आहे. परातीतले ठिपके आधी चमचाभर असायचे, मग चिमूटभर, मग दहा-बारा. बुडबुडेही थांबत आले होते. आक्काचं तेल लागू पडत होतं. आणखी दोन-तीन आठवडे मी माझी अक्कल माझ्यापाशी ठेवली असती, तर धामण बरी झाली असती.

पण पुढच्याच आठवड्यात आमच्या गल्लीत फवारा होता. माझ्याच गल्लीत, माझ्या हाताखाली. कट्ट्यावर मला चिडवत होते. "साहेब, तुमच्या घरात किडं वळवळालेत, आनि तुम्ही आमच्या घरातलं मारायला येणार व्हय?"  मी घरी आलो तो उत्तर घेऊनच आलो. कागदाच्या पुडीत कोरडी पावडर.

आक्का परड्यात धामणीला मांडीवर घेऊन बसली होती.

"सोड ते तेल. ही टाक. उद्याच्याला एक किडा दिसला तर माझं नाव बदल."

तिनं पुडी उघडली, वास घेतला. "हिनं डास मरत्यात न्हवं?"

"व्हय."

"झुरळं?"

"मरत्यात की."

"मग ह्यो एवढासा जीव का मरायचा न्हाय? हिनं पण जिमिनीवरच पोट घासायचं असतंय."

अक्षर न शिकलेल्या बाईनं मला तो प्रश्न विचारला. आमच्या सगळ्या खात्यात तो कुणी विचारला नव्हता. मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. माणसानं म्हणावं, माहीत नाही. मी म्हणालो, "तू शिकल्याईस का मी शिकलोय? सरकार येडं हाय व्हय, घराघरांत मारायला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग धामणीकडे. मी तिचा धाकटा भाऊ, घरातला एकटा मिळवता पुरुष, आणि माझ्याच घरात ती राहात होती. तिनं मान खाली घातली. मी पावडर फडक्यात बांधली आणि तिच्या मांडीवरच धामणीला डोक्यापासून शेपटीपर्यंत थोपटली. तेल लावलेलं अंग होतं, पावडर चिकटून बसली. पिठात घोळल्यासारखी दिसत होती धामण. उरलेली मी खोक्यात ओतली.

दुसऱ्या सकाळी किडे मेलेले होते. मी आईला बोलावून दाखवले, मामाला कुडावरून दाखवले. दुपारी धामण थरथरायला लागली. आधी शेपटीचं टोक, मग अंगाखालून लाटा गेल्यासारखं सगळं शरीर. आक्कानं तिला धुतलं, पुन्हा धुतलं. पावडर तेलाला धरून बसली होती, पाण्यानं जाईना. तिसऱ्या दिवशी धामण उताणी झाली, आणि तिला सुलटी होता येईना. आक्का सुलटी करायची, ती पुन्हा उताणी व्हायची. पोटाचे पांढरे खवले वर. दुपारच्या आधी हालचाल थांबली.

आक्का खोक्यापाशी बसून होती. परड्याच्या दारात मामा, आणि त्याच्यामागे दोन-तीन बायका. माझे पंप मागच्या ओट्यावर टेकवून ठेवलेले होते. दोन दिवसांनी याच लोकांच्या गोठ्यांत मला शिरायचं होतं.

"कशानं मेली?" मामानं विचारलं. आणि विचारताना त्यानं माझ्याकडे नाही, पंपांकडे पाहिलं.

मला सगळं दिसलं. गोठ्याची दारं बंद होणार, कट्ट्यावर बोभाटा, गल्ली नाही म्हणाली की पेठ नाही म्हणणार, साहेबांच्या टेबलावर माझ्या नावाचा कागद. हे सगळं दिसायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी बोललो होतो.

"तेलानं," मी म्हणालो. "साप कातडीनं श्वास घेतो. दीड महिना तेल चोपडलंय, कातडीची भोकं बुजली. गुदमरून मेली."

मी हे शास्त्र सांगावं तसं, पुस्तकी भाषेत सांगितलं. साप कातडीनं श्वास घेत नाही. चौथीच्या पोराला ठाऊक असतं.

बायकांतली एक म्हणाली, "आगं बया. तेलानं?" आणि तिनं कडेवरच्या पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं. तिला कळलंही नसेल आपण काय केलं ते. आक्कानं ते पाहिलं. मग तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत तेलकट होते. ती न्हाणीत गेली, राखेनं हात घासले, पुन्हा घासले. मी बाहेर उभा राहून पाण्याचा आवाज ऐकत होतो. आत जाऊन दोन शब्द बोलायचे होते. मी पंप उचलून ओट्यावरून आत ठेवले.

फवारा सुरळीत झाला. मामानं गोठा उघडून दिला. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

नागपंचमी पंधरा दिवसांवर होती. पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बायका भावासाठी उपवास धरतात. नागाला भाऊ मानायचं आणि आपल्या भावाला आयुष्य मागायचं. त्या दिवशी आक्कानं पाणीसुद्धा घेतलं नाही. हातून साप मेला म्हणून नागाची माफी मागितली, आणि त्याचा कोप भावावर होऊ नये म्हणून माझ्यासाठी हात जोडले. हे मला आईनं सांगितलं. मी समोर बसून जेवत होतो. घास घशाखाली उतरले, अडकले नाहीत. अडकले असते तर बरं, पण नाही अडकले.

भाद्रपदात गल्लीत एक बाळंतीण घरी आली, बोलावणं आलं. आक्का म्हणाली, "माझा हात दुखतोय." पुढच्या बोलावण्यालाही हातच दुखत होता. मग बोलावणी थांबली. कुणी तिला वाईट बोललं नाही, गल्लीत तेवढी रीत होती. दुसरी एक म्हातारी मिळाली, तिला बोलवायला लागले. नोकरी कायम झाली तसं माझं लग्न झालं, आणि वर्षभरानं पहिली मुलगी झाली. माझ्या बायकोनं तेलाची वाटी आक्कापुढे ठेवली. आक्कानं हात पदराखाली घेतले.

"ह्या हातानं न्हाय."

बायकोला वाटलं, नणंदेला भाचीचं कौतुक नाही. दोघींच्यात त्यावरून जे सुरू झालं ते पुढची आठ वर्षं चाललं. जेवणाच्या पाटावर, पाण्याच्या घागरीवर, कशावरूनही. मी मधे पडायचो नाही. लोक म्हणायचे, बिचारा, दोन बायकांच्यात गप्प राहतो.

आक्का घरात राहून धुणी धुवायची, दळायची. ज्या बाईनं भल्याभल्या सासवांना दटावलं ती दिवसाला दहा शब्द बोलायची. दरवर्षी माझ्यासाठी उपवास धरायची, आणि दरवर्षी तो दिवस जवळ आला की मी नोकरीचं निमित्त काढून गावाला जायचो. इतकी वर्षं मला स्वतःचा राग यायचा आणि मी तो दुसऱ्यांवर काढायचो. मामावर, त्या पोर कडेवर घेतलेल्या बाईवर, साहेबांवर, माझ्या बायकोवर. आक्कावरसुद्धा. एकदाही उलटून का विचारलं नाहीस, म्हणून तिच्यावरसुद्धा चिडायचो.

गेल्या वर्षी आषाढाच्या शेवटी मला मुलगा झाला. किडकिडीत, रडायचाही नीट नाही. गल्लीतली तेल लावणारी ती म्हातारी उन्हाळ्यात वारली होती. माझ्या बायकोला ताप, उठवत नव्हतं. भावाच्या उपवासाच्या दिवशी सकाळी तिनं पडल्यापडल्या आक्काला हाक मारली, आठ वर्षांचं भांडण बाजूला ठेवून.

"वन्सं, तुमच्या पाया पडते. एवढ्याला तरी हात लावा."

आक्का उंबऱ्यात उभी होती. हात पदराखाली. "न्हाय गं बाई. मला भ्या वाटतंय. एवढासा जीव हाय."

एवढासा जीव. परड्यात धामणीला मांडीवर घेऊन तिनं मला हेच शब्द ऐकवले होते. त्या दिवशी गावाला जायचं निमित्त मला मिळालं नव्हतं. मी तिला परड्यात नेलं आणि सांगितलं. पावडरीनं मेली. तेलानं बरी होत होती. मला तेव्हाच ठाऊक होतं. मांजराचंही सांगितलं. पेटारीचंही.

 मला वाटलं ती रडेल. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मांजर आदी मेलं हुतं?" तिनं विचारलं.

"आदी."

"म्हंजे तुला ठावं हुतं."

"व्हय."

"नऊ वर्षं माझ्या हातचं खाल्लंस की रं. भाकरीला कसं चाललं हात?"

मी मान खाली घातली.

"तोंड खाली घालू नगंस, लई बघितलंय त्ये. मला सांगून काय उपेग? परड्याच्या दारात उभं राहून सगळ्यांच्या म्होरं बोलला हुतास. तिथंच सांग जा. मामाला सांग. त्या पोरवाल्या बाईला सांग."

मी गेलो. मामा आता थकला आहे, म्हशी मुलगा बघतो, पण कट्टा तोच. चार-सहा माणसं पेले घेऊन उभी होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.  मामानं कानामागे हात धरून ऐकलं.

"कसली धामण?" तो म्हणाला.

"आक्काची. तुम्ही तिला लेकरू म्हणत हुता."

"आसंल बाबा. आरं, सापाचं काय घिऊन बसलाईस? दूध घे."

पोरवाली बाई दोन घरं पलीकडे. तिचं ते कडेवरचं पोर आता अकरा-बारा वर्षांचं झालेलं. ती म्हणाली, "आक्काचा हात दुखतोय म्हणून त्या येत न्हवत्या न्हवं? आम्हाला वाटलं, दुखत आसंल." तेल, साप, गुदमरणं, तिला काहीच आठवत नव्हतं. पोर दुसऱ्या बाजूला घेतल्याचं तर नाहीच.

सगळी गल्ली विसरली होती. कोणाला काही पडलेलंही नव्हतं. ज्या लोकांच्या तोंडाला भिऊन मी खोटं बोललो, त्यांच्या लेखी ती पंधरा दिवसांची गंमत होती. हात राखेनं घासत बसली ती एकटी आक्का. रस्त्यात उभं राहून मला कुणालातरी मारावंसं वाटलं, आणि मारायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

घरी आलो. आक्का स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. पुढ्यात ताट. भाकरी, मटकीची उसळ, कांदा फोडलेला. तिन्हीसांजेला अजून अवकाश होता, आणि दिवस भावाच्या उपवासाचा.

"आलास सांगून?"

"सांगितलं. त्यांच्या ध्यानातबी न्हाय."

"माझ्या हाय."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला आणि माझ्याकडे बघत खाल्ला. सावकाश, एकेक घास, सगळी भाकरी संपेपर्यंत. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. शेवटी तिनं ताटात पाणी घातलं, हात धुतले. मग खोलीकडे तोंड करून माझ्या बायकोला ओरडून विचारलं, "तेल कुठं ठेवलंईस गं? कोमट करून घेतो मी."

वाटी घेऊन ती माझ्या अंगावरून खोलीत गेली. मी मागून निघालो.

"तू भाईर," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

आतून थोड्या वेळानं पोराचं रडणं आलं, खणखणीत. मग आक्काचा आवाज, बायकोला दटावत असलेला, उशी अशी का ठेवलीस म्हणून. एवढ्या मोठ्यानं बोललेली मी तिला आमच्या घरात प्रथमच ऐकत होतो.

आता ती पुन्हा गल्लीत जाते. बोलावणी येतात. माझ्याशी कामापुरतं बोलते. यंदाची पंचमी परवा झाली. आदल्या दिवशी तिनं दोन वेळा जेवण केलं.